अकरा घरांच्या रेघा

८ डिसेंबर २०२४, रविवार

नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही. मोजपट्टी आहे, पण छपाईत तिचा डावा कोपरा कापला गेला आहे, म्हणजे ती असून नसल्यासारखी. असल्या कागदावर बासष्ट एकरांचं काय करायचं ते ठरणार.

हा कागद भगवंतने आणला. बदलापूरच्या कडेच्या सोनिवली गावचा भगवंत. अंबरनाथ एमआयडीसीत आम्ही अकरा वर्षं एका कंपनीत होतो, तो बॉयलरवर, मी इमारतींच्या देखभालीला. कंपनी बंद पडली तसा तो शेतीकडे गेला आणि मी माझ्या लेव्हलच्या, म्हणजे उंची-पातळी मोजायच्या, कामाकडे. आज चहा पुढे ठेवला तरी कपाला हात न लावता म्हणाला, "भाऊ, ही निली लाइन काय हाय ती मना नीट सांगा. आमच्या पोराला इचारला तर तो बोलतो, बाबा तुमचा नशीब उघडला."

निळी रेषा म्हणजे पुराची रेषा. तिच्या आत, नदीच्या बाजूला, बांधकाम करता येत नाही. आजवर ती गावाच्या अंगणातून जात होती. सरकारच्या नव्या प्रारूप नकाशात ती एकशे चाळीस मीटर नदीकडे सरकली आहे. मधली बासष्ट एकर शेतं बांधकामाला मोकळी झाली. तिथे भराव पडेल, वर टॉवर उभे राहतील. आणि उल्हास नदीचं पाणी, जे इतकी वर्षं त्या शेतांत पसरायचं, ते जागा नाही म्हटल्यावर गावात शिरेल. भगवंतचं घर गावात सगळ्यात खालच्या अंगाला आहे. मी त्याला हे सगळं सांगितलं.

हरकती घ्यायला सहा जानेवारीची मुदत आहे. २०२१ च्या पुराच्या रेघा गावात अकरा घरांच्या भिंतींवर आहेत. त्या मी मोजून द्याव्यात असं गावाचं म्हणणं.

हो म्हटलं. मात्र इथे लिहून ठेवतो की मी कोणाच्या बाजूने मोजत नाही. मी मोजतो.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी सात ते दुपारी दीड. अकरा घरं. लोक माझ्या यंत्राला दुर्बीण म्हणतात. ती डंपी लेव्हल आहे. कंपनीने भंगारात काढली होती, मी मागून घेतली आणि शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तकावरून शिकलो. त्याला सत्तावीस वर्षं झाली. आज बदलापुरात डिग्रीवाले इंजिनियरही माझ्या लेव्हलवर जोती बांधतात, फक्त सही स्वतःची करतात.

रस्त्याखालून पाणी जायला मोरी आहे, तिच्या दगडाची उंची शंभर मीटर धरून सुरुवात केली. रेघा गेरूच्या आहेत, प्रत्येकीवर हळदकुंकवाची दोन-दोन बोटं. पूर उतरल्यावर घरातली बाई ती ओढते. भगवंतच्या घरात त्याच्या बायकोने, वेणूने, ओढलेली आहे. ओट्यापासून पाच फूट तीन इंच.

पट्टी धरायला वेणूच आली. न हलता धरली. साइटवरच्या माणसांना हे जमत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

जमत नाही.

पाणी सपाट असतं. एकाच दिवशीच्या पुराच्या अकरा रेघा एका पातळीत यायला हव्यात. माझ्या आकड्यांत दीड इंचाचा फरक पडतोय. दोनदा तपासलं, माझी चूक नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

२०२१ ची वही काढली. २३ जुलैला सकाळी, पाणी उतरत असताना, मी स्वतः सोनिवलीच्या विजेच्या खांबावर चिखलाच्या कडेला ऑइलपेंटची खूण केली होती. तेव्हा बायको, वृंदा, म्हणाली होती, लोक डाळ-तांदूळ वाहून गेले म्हणून रडतायत आणि तुम्ही खांब रंगवताय. आज जाऊन ती खूण लेव्हलला घेतली.

गावातल्या अकराच्या अकरा रेघा तिच्यापेक्षा वर आहेत. कुठे सात इंच, कुठे साडेआठ. खाली एकही नाही.

चुकून झालं असतं तर काही वर गेल्या असत्या, काही खाली. सगळ्याच वर, याचा अर्थ एकच होतो. वाईट वाटलं.

१५ डिसेंबर, रविवार

बेलवलीच्या साइटवर होतो. तिथे भगवंतचा मुलगा भूपेश आला. तो हल्ली जमिनींच्या व्यवहारात असतो, हातात दोन फोन. सोबत एक गृहस्थ, वय पस्तीसच्या आसपास, पांढरा सदरा, आवाज अगदी खालचा. यज्ञेश नाव. 'उल्हास तीर नागरिक मंच' म्हणून संस्था आहे, तिचं सरकारदरबारचं काम ते बघतात. कोणाकोणाचा मंच, विचारलं. म्हणाले, "सगळ्यांचाच काका. नव्या सोसायट्या, जमीनमालक, काही विकासक. ज्यांना ज्यांना बदलापूर पुढे जायला हवंय ते सगळे."

माझ्याकडून त्यांना काही नको होतं. फक्त भेटायचं होतं. म्हणाले, "भूपेश सांगत होता, आमचे काका इंचाचा पाव भागसुद्धा सोडत नाहीत. अशी माणसं आता इंजिनियरिंग कॉलेजातही नाहीत."

भूपेश हसला. "काका माझ्या बारशाला आले तेव्हा पाळणा लेव्हलमध्ये नाही बोलले होते. मम्मी अजून सांगते."

तो नव्हताच. डावी दोरी अर्धा इंच लांब होती.

यज्ञेशनी रेघांबद्दल विचारलं. मोजणी पुरी झाल्यावर लेखी देईन म्हटलं. "बरोबर," ते म्हणाले. "लेखीच हवं. आणि दोन्ही बाजूंना एकच कागद जावा, म्हणजे तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही." माझ्या मनात हेच होतं. समजूतदार माणूस.

१९ डिसेंबर, गुरुवार

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये तिपाईचा स्क्रू करून घ्यायला गेलो. सिंधी लेथवाला म्हणाला, साईं, एक घंटा. शेजारी छापखाना आहे, तिथे टेकलो. यंत्रातून एकाच मजकुराचे कागद पडत होते. 'मी, खाली सही करणार, प्रारूप पूररेषेस पाठिंबा देतो.' नाव आणि सहीची जागा कोरी. मंचाचं काम. तीन हजार प्रती.

सवयीने वाचलं. सर्व्हे नंबर एकशे सतरा छापला होता. तो गट पलीकडच्या काठावर आहे, या प्रारूपात येतच नाही. इकडचा एकशे एकाहत्तर. मालकाला दाखवलं. त्याने यंत्र थांबवलं, मंचाला फोन लावला, मग माझ्यासाठी लस्सी मागवली. म्हणाला, "आपने तो बचा लिया, वरना पूरा माल रिजेक्ट हो जाता."

चुकीचा कागद डोळ्यांसमोर छापू देणं मला जमत नाही, मग तो कोणाचाही असो. वृंदाला सांगितलं. ती मटार सोलत होती, तिने फक्त विचारलं, "भगवंतभावजींना सांगितलंत हे?" यात त्यांना सांगण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

भगवंतला एकट्याला गाठून विचारलं. रेघा खऱ्या पाण्यापेक्षा वर का आहेत? त्याने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "ता बायांचा काम हाय भाऊ. आमी पुरुष त्यात नाय परत."

"भगवंत, मी सरकारी कागदाबद्दल विचारतोय."

"मी पन तेच सांगतू. ता मना नका इचारू."

माणूस डोळ्याला डोळा देत नाही तेव्हा काय समजायचं? अकरा वर्षांत तो माझ्याशी असा वागला नव्हता. वेणू आतून ऐकत असावी, भांड्यांचा आवाज थांबला होता. पण तिला काय विचारणार? नवरा जे सांगत नाही ते तिला विचारणं बरं दिसलं नसतं.

गावाने तीनशे बारा हरकती तयार केल्यात. प्रत्येकीला रेघेसमोर उभं राहून काढलेला फोटो जोडला आहे. मी त्यांना सांगितलं की आकडा दुरुस्त करा, खांबाची खूण पुरावा म्हणून द्या. भगवंत म्हणाला, "फोटो काढून झालं. आता बायांना खोट्या कशा पारू?"

३० डिसेंबर, सोमवार

निवेदन पुरं केलं. चार पानं. नाव दिलं, 'तांत्रिक निवेदन'. परिच्छेद एक, पद्धत. दोन, आकडे. तीन, गावातल्या अकराही रेघा प्रत्यक्ष पूरपातळीपेक्षा सात ते साडेआठ इंच वर आहेत, त्या ग्राह्य धरू नयेत. चार, मात्र खांबावरच्या खुणेनुसार खरी पातळी (मोरीच्या दगडापासून, मीटरमध्ये दिलेली) घेतली तरी बासष्ट एकरांच्या सर्वांत उंच बांधावरही तीन फूट चार इंच पाणी होतं, म्हणून नवी रेषा पूर्णपणे चुकीची आहे.

चौथा परिच्छेद गावाच्या बाजूचाच आहे. तिसरा वगळला असता तर चौथ्यावर कोणी विश्वास ठेवला असता? आपली कमजोर जागा आपणच दाखवली की बाकीच्याला वजन येतं. निदान मी असं मानतो.

वृंदाने वाचलं. म्हणाली, "तिसरा आधी कशाला? चौथा आधी घ्या."

"मोजणी ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने लिहायचं असतं."

"वाचणारा त्या क्रमाने थांबायचा," ती म्हणाली.

चार प्रती केल्या. एक हरकती घेणाऱ्या कार्यालयात दिली, माझ्याकडच्या प्रतीवर पोच घेतली. एक भगवंतला. एक यज्ञेशना. त्यांनी उभ्यानेच चारही पानं वाचली. चौथा परिच्छेद दोनदा वाचला. मग कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाले, "काका, खाली सही आहे, पण हुद्दा नाही. 'स्थानिक तज्ज्ञ' लिहा ना. खोटं तर नाही." लिहिलं. मग घरी येऊन पोच घेतलेल्या प्रतीवरही लिहिलं.

२२ जानेवारी २०२५, बुधवार

सुनावणी. जसं झालं तसं लिहितो.

हॉल साडेदहाला भरला होता. नव्या टॉवरांतली माणसं मंचाच्या दोन बसमधून आली होती. सगळ्यांच्या छातीला हिरवा बिल्ला, 'आम्हालाही घर हवं'. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई शेजारणीला विचारत होती की हे संपलं की बस डी-मार्टला थांबेल का. वाईट माणसं नव्हती. सोनिवलीची मंडळी डावीकडे, सत्तरेक, बायका जास्त. टेबलावर पाठिंब्याचे गठ्ठे होते, दोन हजार सातशे चाळीस. शेजारी गावाच्या तीनशे बारा हरकती एका रबरात.

सुनावणी घेणारे साहेब शांत होते. आधी मंचाला बोलावलं. यज्ञेश उठले. गावाबद्दल एक वाकडा शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "गावकऱ्यांच्या भावनांचा आम्हाला आदर आहे. आम्ही आमचा अहवाल वाचत नाही. गावानेच ज्यांना मोजणीला बोलावलं, ते या भागातले जाणकार, स्थानिक तज्ज्ञ श्री. चिंतामणी परचुरे, त्यांचं निवेदन वाचतो."

सरकारी हॉलमध्ये, माइकवर, माझं नाव. खरं ते लिहितो, त्या क्षणी मी पाठ ताठ केली.

त्यांनी परिच्छेद तीन वाचला. सावकाश, प्रत्येक घराचा आकडा, घरवालीच्या नावासकट. 'ग्राह्य धरू नयेत' वाचून कागद खाली ठेवला. म्हणाले, "तीनशे बारा हरकती, सगळ्यांना हेच फोटो जोडलेत. यापुढे आम्हाला बोलायचं नाही."

हिरव्या बिल्ल्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाच्या बाजूला कोणी हललं नाही. मी उठलो. म्हटलं, "साहेब, चौथा परिच्छेद राहिला."

"तुम्हीच परचुरे? चौथ्यात काय आहे?"

सांगायला लागलो. खांब, खूण, तीन फूट चार इंच. साहेबांनी हात वर केला. "आपलं शिक्षण?"

"दहावी."

"सर्व्हेचा काही कोर्स?"

"स्वतः शिकलोय."

"मग रेषा चूक की बरोबर हा निष्कर्ष आपण नका काढू. तो तज्ज्ञांचा विषय आहे. आपण मोजणी दिलीत, ती नोंदवली आहे."

तिसरा परिच्छेद लिहिताना मी तज्ज्ञ होतो. पानाच्या त्याच बाजूला चौथ्यापर्यंत येता येता दहावी पास झालो.

मग वेणू उठली. माइकजवळ गेली नाही, जागेवरूनच बोलली. "सायेब, आमी खोट्या नाय. तुमी घरी या, पानी कुठं व्हता ता मी दाखवतू." साहेब म्हणाले, "बाई, लेखी द्या." ती म्हणाली, "लेखीच तर दिला व्हता भाऊंनी."

टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

बाहेर भगवंत भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "भाऊ, जेवून जा, डबं आनलंत." मी जेवलो नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

माझा एकही आकडा चुकलेला नाही. पुन्हा तपासला.

२७ जानेवारी, सोमवार

मंचाने काल झेंडावंदनानंतर सत्काराला बोलावलं होतं, गेलो नाही. आज भूपेश शाल आणि नारळ घरी घेऊन आला. वृंदाने दारातच विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे हे?"

"काकी, आईला काय माहीत असतं? तिला वाटतं टॉवर झाले तर नदी रुसेल. आपल्याला विरारसारखं, ठाण्यासारखं व्हायचंय की नाही?"

"तुझं घर बुडालं तर?"

"तोपर्यंत घर टॉवरमध्ये असेल ना," तो म्हणाला. "मी त्यांचंच बघतोय काकी. मला काय आईबाप नकोत?" डोळे ओले झाले होते त्याचे. शाल ठेवून गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो. स्वतःहून. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

भगवंत शेतावर होता. वेणूने ओट्यावर चटई टाकली. मी विचारलं, जे चोवीस डिसेंबरला विचारायला हवं होतं. वहिनी, रेघ खरी कुठे होती?

ती म्हणाली, "पानी जिथं व्हता तिथंच रेघ नाय मारायची भाऊ. नदी घरात आली, पावनी आली. तिच्या डोक्याला छप्पर टेकवायचा का? वीतभर जागा ठेवायची वर. माज्या सासूनं शिकवला, तिला तिच्या सासूनं. घरातल्या बाईनं आपला हात पान्याच्या खुनेवर ठेवायचा आन् जिथं वीत संपते तिथं रेघ."

"मग भगवंत का बोलला नाही?"

"पुरुषांनी ता तोंडानं नाय बोलायचा. त्यांनी मोजला का नदी परत मोजायला येते." मग थोडं हसून म्हणाली, "तुमी मोजत व्हतात तवा मी पट्टी धरून व्हते. मना वाटला, तुमाला ठाव हाय. तुमाला समदा ठाव असतो."

मी पिशवीतून टेप काढला. तिला हात भिंतीला लावायला सांगितलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पावणेआठ इंच.

वही उघडली. तिच्या घराचा फरक पावणेआठ इंच होता.

दुपारपर्यंत सगळी घरं केली. दहा बायका, दहा हात. कोणी हसत होत्या, कोणी पदराला हात पुसून पुढे करत होत्या. एक म्हणाली, "आमचा हात कदी कुनी मोजला नव्हता." वीत वजा केल्यावर दहाही रेघा माझ्या खांबाच्या खुणेशी पाव इंचाच्या आत जुळतात. सत्तावीस वर्षांत इतकी जुळणारी मोजणी माझ्या हातून झालेली नाही. अकरावं घर भागीरथीबाईंचं. त्या गेल्या वर्षी गेल्या. उलटा हिशेब केला तर त्यांची वीत सव्वासात इंच निघते. सुनेला विचारलं. म्हणाली, व्हय, लहानखुऱ्याच व्हत्या.

पुरावा खोटा नव्हता. माझ्या पुराव्यापेक्षा पक्का होता, अकरा वेळा पक्का. आणि तो ग्राह्य धरू नये असं माझ्या सहीने लिहिलं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुरवणी निवेदन घेऊन कार्यालयात गेलो. सात पानं, दहा हातांची मापं. लिपिकाने पहिलं पान वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, बायकांच्या हाताची मापं?"

"वाचा पुढे."

"वाचलं असतं हो. पण मुदत संपली." त्याने रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. "आणि तुमचा कागद तर इकडे आहे." पाठिंब्याच्या गठ्ठ्याची नोंद होती. पहिल्या ओळीत, 'तांत्रिक निवेदन, स्थानिक तज्ज्ञ, एक'. त्याखाली, 'छापील नमुने'.

"मी पाठिंबा दिलेला नाही."

"मंचाने तुमची प्रत जोडली त्यांच्या अर्जाला. तुम्ही दिलेली प्रत आणि ही प्रत सारखीच, मग एकच नोंद केली." तो चांगला माणूस होता. म्हणाला, "पुरवणी ठेवून जा, मी फाइलला लावतो. फक्त कोणी बघेल असं सांगत नाही."

पोच मागितली. मुदतीनंतरच्या कागदाला पोच देत नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

रेषा मंजूर झाली. प्रारूपाप्रमाणेच, एक मीटरचाही बदल नाही. आता नकाशावर उत्तरेचा बाण आहे.

कारणांच्या पानावर लिहिलंय की हरकतींसोबतचा पुरावा स्थानिक तपासणीत विसंगत आढळला. नाव नाही. एका अर्थी बरं झालं असं क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

२१ एप्रिल, सोमवार

भरावाची कामं सुरू झाली, शेतांभोवती पत्र्याचं कुंपण आलं. मोरीवर बसून मोजले, सकाळी नऊ ते बारा, छत्तीस डंपर. लाल माती वर, खाली पाडलेल्या इमारतींचा राडारोडा. मोजून काय करणार ते माहीत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

यज्ञेशचा फोन. भरावाच्या लेव्हलला माणूस हवा आहे. "काका, दुसरा कोणी करेल ते कसंतरी करेल." मी नाही म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी भगवंत आला. भूपेशकडून त्याला कळलं होतं. मला वाटलं तो बरं केलंत म्हणेल. तो म्हणाला, "भाऊ, घ्या ता काम."

"काय बोलतोस?"

"आमाला पत्र्याच्या आत सोरत नाय. किती वर आणनार, कुनी सांगत नाय. तुमी आत असाल तं निदान आमाला खरा काय ता कलंल." मग म्हणाला, "खरा सांगनारा आमाला दुसरा कोन हाय?"

त्याने हे मनापासून म्हटलं. तेच सहन होत नाही.

१८ मे, रविवार

आज काम घेतलेल्याला अठरा दिवस झाले. भरावाचा पहिला टप्पा पुरा झाला. साइट ऑफिसात मला मूळ आराखडा दिला, लेव्हल जुळवायला. भरावाच्या माथ्याची उंची त्यावर आहे. तिच्याखाली बारीक अक्षरात, ज्या पुराला धरून ती उंची ठरवली त्या पुराची पातळी.

ती माझी आहे. मोरीच्या दगडाला शंभर धरून काढलेली, तीन दशांश स्थळांपर्यंत. त्या दगडाला शंभर धरणारा या भागात दुसरा कोणी नाही. चौथ्या परिच्छेदातला आकडा त्यांनी जसाच्या तसा उचलून त्यावर चार इंच वाढवलेत. टॉवरांना पाणी लागू नये म्हणून. सुनावणीत ज्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, त्याच्यावर त्यांनी बासष्ट एकर उभे केले. यज्ञेशनी तो परिच्छेद दोनदा का वाचला ते आज समजलं. त्यांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "काका, तुमच्या आकड्यावर मला पहिल्या दिवसापासून शंका नव्हती," ते म्हणाले. कौतुकाने म्हणाले.

चार वाजता भगवंतकडे गेलो. सांगितलं, तुझ्या ओट्यापेक्षा भराव चार फूट अकरा इंच वर आहे. त्याने मान हलवली. दारातून पाहिलं तर समोर नदी दिसत नाही, लाल मातीचा बांध दिसतो.

वेणू आत फळीवरचे डबे खाली काढून ठेवत होती. डाळ, तांदूळ, मिठाचा, रेशनकार्डांचा पत्र्याचा डबा. फळी साडेपाच फुटांवर आहे. दरवर्षी जूनच्या आधी हे सगळं ती पुराच्या हिशेबाने लावते. मला म्हणाली, "भाऊ, यंदा कुठवर येल तेवढा सांगा. त्या परमानं लावते."

शेतं गेली. पाणी आता किती चढेल हे पाणी किती जोराने येतं, बांधाला कुठे वळतं, मोरी किती घेते यावर आहे. हे मी कधी शिकलो नाही. पुस्तक आहे, पण मला त्यातलं गणित येत नाही. ती हातात डबा धरून थांबली होती, जशी पट्टी धरून थांबायची.

म्हटलं, "वहिनी, मला नक्की सांगता येणार नाही."

तिने हातातला डबा खाली ठेवला. मग भगवंतला म्हणाली, "शिडी आना. समदा माल्यावर टाकते."